जेडला मोकळं सोडा

माझ्या बहिणीचा नवरा क्लेम ट्रेझाइस हा मनात राग धरणारा माणूस. काहींचा राग भांडून संपतो, काहींचा दारूच्या दोन घोटांबरोबर उतरतो. क्लेमचा राग मुरायचा.

तो धान्याच्या कोठारांवर ट्रक चालवायचा आणि शनिवारी आमच्या पोर्ट कॅरो गावाकडून फुटी खेळायचा, म्हणजे हातापायांनी दोन्हींनी खेळायचा इकडचा फुटबॉल. जागा मागची, आपल्या गोलच्या तोंडाशी. समोरच्या संघाचा सगळ्यात धोक्याचा गडी त्याच्या गळ्यात बांधलेला असायचा. क्लेम त्याला सावलीसारखा चिकटायचा, ढुंगणाने रेटायचा, कानाशी काहीबाही पुटपुटत राहायचा. त्या गड्याला दिवसभर चेंडू दिसत नसे. क्लेमलाही फारसा दिसत नसे, पण त्याची त्याला पर्वा नव्हती.

मग रोहन मॅडर्न कोच झाला. गावातलं हार्डवेअरचं दुकान त्याचंच. माणूस आळशी नव्हता, मूर्खही नव्हता, पण आकड्यांवर त्याचा भारी जीव. त्याने कुठूनतरी एक प्रोग्रॅम आणला. मारलेली किक, घेतलेला झेल, मुठीने दिलेला पास, पाडलेला माणूस, सगळ्याला गुण. सामना संपला की प्रत्येकाचं रेटिंग तयार. सोमवारी ते क्लबच्या भिंतीवर लागायचं आणि मॅडर्न मोठ्या अभिमानाने फेसबुकवरही टाकायचा. क्लेमचं नाव कायम तळाला, लाल रंगात. जो चेंडू समोरच्याकडे पोचलाच नाही, त्याचे गुण कोण देणार?

मोसमाच्या शेवटी आम्ही फायनलला पोचलो. गुरुवारी सरावानंतर क्लबात सगळ्यांचं जेवण असतं. मी आणि माझी बहीण एव्हिस पेस्ट्या, मटण-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, वाढत होतो. मॅडर्नने उभं राहून संघ वाचला. क्लेमचं नाव आलं नाही.

"रोहन, माझं नाव राहिलं वाटतं," क्लेम म्हणाला.

"राहिलं नाही, काढलंय," मॅडर्न म्हणाला. "आता काय सांगू तुला? अरे, तुझ्यापेक्षा गोलच्या खांबाचं रेटिंग बरं. त्याला निदान चेंडू लागतो तरी!"

सगळे हसले. त्यातले कितीतरी जण क्लेमच्या लग्नात नाचलेले होते. क्लेम मात्र खाली मान घालून पेस्टी संपेपर्यंत खात राहिला.

आणखी वाईट म्हणजे शनिवारी संघ जिंकला. क्लेमच्या जागी घेतलेला पोरगा जेड नॅनकिव्हेल चांगला खेळला आणि मेडल गळ्यात घालून गावभर फिरला. हरले असते तर कदाचित क्लेम विसरला असता.

त्यानंतर त्याने मॅडर्नच्या दुकानात पाऊल टाकलं नाही. एका खिळ्यासाठीसुद्धा शेजारच्या गावी गाडी काढायचा. एव्हिस वैतागायची, "अरे, खिळ्यापेक्षा पेट्रोल महाग पडतं!" तो म्हणायचा, "पडू दे." पुढच्या मोसमात तो आमचे जुने वैरी बॅरा क्रीक यांच्याकडे गेला. आधी खेळायला, मग गुडघा गेल्यावर कोच म्हणून.

दर सोमवारी तो मॅडर्नचे आकडे फेसबुकवर वाचायचा. लोक पेपरातलं भविष्य वाचतात तसं नव्हे, दुष्मनाची पत्रं वाचावीत तसं. जेड नॅनकिव्हेल आता मागून खेळ सुरू करायचा आणि त्याचं रेटिंग आभाळाला टेकलं होतं. क्लेमने त्याचा खेळ कुंपणापाशी उभं राहून पाहिला. पोरगा गुणी, पण भित्रा. चेंडू हातात आला आणि पुढे गर्दी दिसली की आडवी किक मारायचा, नाहीतर मागे. किक आपल्या माणसाला पोचली की गुण पक्का. आणि बाकीचेही चेंडू जेडलाच द्यायचे, कारण मोकळ्या माणसाला पोचलेल्या पासाचे गुण त्यांनाही.

दोन मोसमांनी दोन्ही क्लब फायनलला समोरासमोर आले. सामन्याआधी क्लेमने आपल्या पोरांना सांगितलं, "जेडला मोकळं सोडा."

"काय? त्यांचा सगळ्यात भारी खेळाडू तो!"

"म्हणूनच. त्याच्याजवळ कुणी फिरकायचं नाही. त्याच्या पुढच्या सगळ्यांना चिकटा. खेळू दे बाळाला एकट्याला."

मी त्या दिवशी मैदानाच्या कडेला, पोर्ट कॅरोच्या बाजूला गाडीत बसले होते; इकडे लोक गाडीतूनच सामना बघतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. आखातावरून गार वारा येत होता. जेडकडे चेंडू यायचा, तो मान वर करायचा, पुढे कुणी मोकळं नसायचं. आडवी किक. चेंडू परत त्याच्याकडे. मागे किक. तोवर बॅरा क्रीकची सगळी पलटण आपल्या गोलसमोर येऊन उभी. आमच्या पुढच्या उंच गड्यांना चेंडूचा वाससुद्धा लागेना. आमच्या बाजूच्या गाड्यांचे हॉर्न गप्प झाले, पलीकडचे वाजत राहिले.

शेवटच्या क्वार्टरच्या आधी मॅडर्नचा मदतनीस ओरडला, ते मलाही ऐकू आलं, "रोहन, जेडला बाहेर काढ! सगळा खेळ तिथेच अडतोय!"

मॅडर्नने हातातला टॅबलेट त्याच्या नाकापुढे धरला. "डोळे फुटलेत का? मैदानात सगळ्यात जास्त रेटिंग त्याचं आहे!"

पलीकडे क्लेम हाताची घडी घालून उभा होता. तो मैदानाकडे बघत नव्हता. तो मॅडर्नकडे बघत होता, आणि इतका तृप्त चेहरा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आम्ही हरलो. जेडचं रेटिंग त्या मोसमातलं सगळ्यात मोठं निघालं. सोमवारी मॅडर्नने सवयीने ते फेसबुकवर टाकलं आणि अख्ख्या जिल्ह्याने त्याखाली जे लिहिलं ते मी इथे सांगत नाही. खुद्द आमच्या लोकांनी जेडला 'कागदी वाघ' म्हटलं. महिन्याभरात कमिटीने मॅडर्नला काढलं. कळलं त्या दिवशी क्लेम त्याच्या दुकानात गेला, खिळ्यांचा एक डबा घेतला, पैसे काउंटरवर ठेवले. मॅडर्नने मान वर केली नाही. क्लेमने तिथेच उभं राहून तो डबा उघडला आणि खिळे बघितले, अगदी सावकाश.

एव्हिसने त्याला विचारलं, "आता झालं का समाधान?"

"अजून थोडं चाललं असतं," तो म्हणाला.

उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर त्याला जेड भेटला. मी क्लेमच्याच गाडीत होते. जेड सरळ खिडकीशी आला.

"ते तू मुद्दाम केलंस ना? माझा वापर करून?"

"हो."

"मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही," क्लेम म्हणाला. "तू सापडलास."

जेडचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा गाडीत हात घालतो. पण तो अगदी हळू बोलला, "मी आता तू खेळायचास तिथे खेळणारे. गोलच्या तोंडाशी. तुझ्या संघातला तो पॅस्को आहे ना, गोलवर गोल मारणारा? त्याला चिकटणारे मी. चेंडू शिवू देणार नाही. आणि माझं रेटिंग गेलं खड्ड्यात."

तो निघून गेला. क्लेमने गाडी सुरू केली आणि मोठमोठ्याने हसायला लागला. बार्लीची शेतं संपून घर दिसेपर्यंत हसत होता. मी विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे रे?"

"पोरगा बोलला ते करेल गं," तो डोळे पुसत म्हणाला. "पॅस्कोचं काही खरं नाही."