शमीमचा आवाज बंद केला तेव्हा

चाकणच्या एका कंपनीत विजयश्री नव्या मुलींना गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला शिकवायची. ते काम सुटल्यावर तिनं संत तुकाराम नगरात बायकांचा गोधडीचा गट जमवला. दर आठवड्याला बायका हॉलमध्ये बसायच्या, जुन्या साड्या फाडायच्या, धावदोरा घालता घालता मन मोकळं करायच्या. करोनात हॉलला कुलूप लागलं आणि सगळ्या घरोघरी अडकल्या. तेव्हा चिखलीच्या शमीमनंच फोन करून सुचवलं होतं, "ताई, मोबाइलवर जमू या ना. प्रत्येकीनं घरी एक तुकडा करायचा, आणि सगळ्यांची मिळून एकच गोधडी."

विजयश्रीनं ते उचलून धरलं. गोधडी एका बालगृहाला द्यायचं ठरलं, आणि त्या संस्थेच्या पूनम मॅडमनी मोबाइलवरची कार्यशाळा बघायला येते म्हटलं. विजयश्रीचं धाबं दणाणलं. व्हिडिओवर असं काही तिनं जन्मात केलं नव्हतं. आयटीत काम करणाऱ्या लेकीनं, पिंकीनं, तिला सगळं शिकवलं. "गोंधळ झाला तर म्यूट कर. आणि इथली ही बरोबरची खूण काढलीस, की जिला म्यूट केलंस तिला तू सोडल्याशिवाय परत बोलताच यायचं नाही."

कार्यशाळेच्या दुपारी पडद्यावर एकेक चौकट उघडू लागली. कुणाचा नुसता पंखा, कुणाचं अर्धं कपाळ. मूळच्या लातूरकडच्या गिरजाबाई मोबाइल तोंडाशी धरून ओरडत होत्या, "बाई, माझा आवाज येऊ लालाय का?" सगळ्या हसल्या, विजयश्रीही जरा सैलावली. एवढ्यात शमीमच्या चौकटीतून ग्राइंडरचा कर्कश आवाज घुसला. तिच्या घराखालीच तिच्या नवऱ्याचं, इकबालचं, फॅब्रिकेशनचं दुकान होतं. पूनम मॅडमनी कान झाकले. विजयश्रीनं घाईघाईनं शमीमला म्यूट केलं, आणि तिला परत बोलता येऊ नये म्हणून ती खूणही काढली. ज्यांचा आवाज आधीच चालू होता त्या बाकीच्या बोलत राहिल्या.

मग मुख्य चर्चा निघाली. गोधडीच्या मधोमध कोणता तुकडा लावायचा? एकेक जण आपला तुकडा दाखवू लागली. शमीमचे ओठ हलत होते. तिनं एक निळा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला, आणखी जवळ नेला, तिची सगळी चौकट निळी झाली. विजयश्रीला ते दिसलं. तिनं एक बटण दाबलं असतं तर शमीमचा आवाज आला असता. पण त्याबरोबर ग्राइंडरही आला असता.

"त्या काही सांगतायत का?" पूनम मॅडमनी विचारलं.

"नाही नाही, घरात कुणाशी तरी बोलत असेल," विजयश्री म्हणाली आणि पुढं गेली.

गिरजाबाईंचा पिवळा सूर्य मधोमध ठरला. टाळ्या झाल्या, पूनम मॅडमनी कौतुक केलं. विजयश्रीला मात्र जेवण गेलं नाही. आपल्या तोंडून खोटं इतकं सहज कसं निघालं, हेच तिला कळेना. शमीमचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती स्कूटर काढून चिखलीला गेली.

इकबाल दुकानात होता. "या ताई. शमीम मोबाइल दाखवायला गेलीय. काल म्हणे तिचा आवाजच जात नव्हता."

थोड्या वेळानं शमीम आली आणि विजयश्रीला बघून ओशाळली. "माफ करा हं ताई, तुमच्या कार्यक्रमात माझ्यामुळं घोळ झाला. दुकानदार म्हणतो मोबाइल ठणठणीत आहे. इंग्रजीत काहीतरी येत होतं, मीच भलतंसलतं दाबलं असणार."

तिनं पिशवीतून तो निळा तुकडा काढला. त्यावर अर्धीच वेल भरलेली होती. "सुमनताईंचा आहे. त्यांच्या सुनेनं दिला. म्हटलं, हा मधोमध लावू या. तेच सांगत होते."

सुमनताई गटातल्या सगळ्यात जुन्या. करोनानं गेल्या तेव्हा यातल्या एकीलाही शेवटचं दर्शन मिळालं नव्हतं. विजयश्री दुकानाच्या पायरीवर टेकली.

"तू काही दाबलं नाहीस, शमीम. मी तुझा आवाज बंद केला होता. आणि तू बोलतेयस हे मला दिसत होतं. मॅडमनी विचारलं, तर मी खोटं बोलले."

शमीमनं तुकडा परत हातात घेतला. मग तुकड्याची घडी घालत म्हणाली, "मी घरात कुणाशी बोलतेय म्हणालात, ते मी ऐकलं, ताई. मला तुमचं सगळं ऐकू येत होतं. पण वाटलं, ताईंना दिसलं नसेल. रात्रभर हेच मनाशी धरून बसले."

विजयश्रीनं त्याच दिवशी सगळ्यांना फोन करून आपली चूक सांगितली. गिरजाबाई लगेच म्हणाल्या, "माझा सूर्य काढा की, त्यात काय!" शमीमनं ते होऊ दिलं नाही. सूर्य तिथंच राहिला आणि सुमनताईंचा तुकडा त्याच्या खाली जोडला गेला. तो विजयश्रीनं स्वतः शिवला. वेल अर्धी होती ती अर्धीच ठेवली.

पुढच्या दोन कार्यशाळांना शमीम आली नाही. दुकानात काम आहे, एवढंच तिनं कळवलं. तिसरीला तिची चौकट उघडली. विजयश्रीनं विचारलं, "शमीम, आज तू सुरुवात करतेस का?"

"आज नको ताई," शमीम म्हणाली, "आज मी नुसती बसते."