अळणी डब्याची ओळ

मुलगी हडपसरच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागली आणि घरी कॉम्प्युटर आला. मी कर्वेनगरात डबे देत असे. तिने माझ्यासाठीही एक प्रोग्रॅम केला. रोज सकाळी त्यातून स्वयंपाकाची यादी आणि डब्यांवर लावायच्या चिठ्ठ्या निघत. कुणाला कांदा-लसूण नको, कुणाचा गुरुवार. बटण दाबून मी कणीक तिंबून येई, तरी पहिली चिठ्ठी आलेली नसे.

मला त्याचं काही नव्हतं, तिला मात्र सलायचं. "आई, शिकताना काय घाण लिहून ठेवलंय मी. एकच गोष्ट चाळीस गिऱ्हाइकांसाठी चाळीसदा." एका रविवारी दिवसभर बसून तिने दहा पानांचं दीड पान केलं. बटण दाबताच चिठ्ठ्या धडाधड आल्या. माळा आवरून उतरल्यावर माझा होतो, तसा तिचा चेहरा झाला होता. मी चौथी शिकलेली, पण कमी झालेलं मलाही दिसत होतं.

त्यातली एक ओळ माझ्या सांगण्यावरून होती. समोरच्या काकूंना संधिवात, म्हणून दोघांचे डबे माझ्याकडे. काकांना रक्तदाब. काकूंनी मला जिन्यात गाठलं होतं. "यांचा डबा अळणी करा, पण यांना कळता कामा नये." मुलीला मी एवढंच म्हटलं, की ते यादीत लिही, चिठ्ठीवर नको. कारण तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आवरताना ती ओळ तिला बिनकामाची वाटली, तिने काढून टाकली.

पूर्वी एकेक चिठ्ठी यायची, वाचायला वेळ मिळायचा. सोमवारी मी न वाचताच सगळ्या चिकटवल्या.

संध्याकाळी काका डबा घेऊन दारात. गिऱ्हाइकांशी बोलायला मी पुढे होत नाही. मी स्वयंपाकघरातच थांबले.

"ही चिठ्ठी आपण छापलीत?"

"हो काका," मुलगी म्हणाली. "आता लगेच छापून येते."

"छान. त्यावर अळणी लिहिलंय. तीन वर्षं मी घरात सांगतोय, या बाईंच्या हाताला चव नाही. ही म्हणते, तुमचीच चव गेली. डॉक्टरला जीभ दाखवून आलो मी."

मी पदर तोंडात कोंबला.

"उद्यापासून मीठ घाला."

काकूंची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. मी आतूनच बोलले, "काकूंना विचारून घालते."

काकांनी डबा उंबऱ्यावर ठेवला. "म्हणजे नाही," म्हणाले आणि निघाले.

दार लावून मुलीने विचारलं, "अशा आणखी किती ओळी होत्या?"

"तीन."

तिने वहीत एकेकीचं कारण लिहून घेतलं. तिसरीचं मी सांगितलं नाही. ती तिच्या वडिलांच्या डब्याची होती, आणि वडिलांना ती सगळं सांगते.