सुजातानं दार लावलं नाही

सुजाता गेली, हे तिच्या भावानं, मिलिंदनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी खडेबाजारात तिच्यासाठीच सुती रुमाल घेत होते. केस गेल्यापासून डोक्याला बांधायला तिला मऊ कापड लागायचं. मी मिलिंदवर चक्क खेकसले. म्हटलं, काहीतरी बरळू नकोस, स्कॅन चांगला आलाय, छातीतली गाठ निम्म्यावर आलीय, डॉक्टर ऑपरेशनचं बोलायला लागलेत... तो नुसता ‘व्हय ताई, व्हय’ म्हणत राहिला. दुकानदारानं रुमाल कागदात गुंडाळून दिले, मी ते घेऊन मुकाट घरी आले. महिना होत आला. कॅन्सर हरत होता आणि माणूस गेलं, हे अजून माझ्या डोक्यात शिरत नाही.

बेळगावात एकाच पी.यू. कॉलेजात आम्ही शिकवायचो. मी मराठी, ती जीवशास्त्र. मी शहापुरातल्या मागावाल्यांच्या घरातली, ती निपाणीची, आईनं विड्या वळून शिकवलेली. स्टाफरूममध्ये शेजारी खुर्च्या, एकमेकींच्या डब्यावर हक्क, आणि दिवसाआड भांडण. रक्तातल्या पांढऱ्या पेशी हा तिचा लाडका विषय. त्यातल्या काही पेशींना म्हणे काही शिकवावं लागत नाही. परकं कोण हे त्यांना जन्मतःच कळतं, जंतू दिसला की धावून जातात, कॅन्सरच्या पेशीलाही सोडत नाहीत. काही मात्र फितूर होऊन गाठीचीच चाकरी करतात, हेही ती वर्गात रंगवून सांगायची. स्वतःला कॅन्सर झाल्यावरसुद्धा तिची टकळी थांबली नाही. केमो गाठीला मारते तशी या पेशींनाही मारते, डोस झाला की आठवडाभर रक्तात त्यांचा दुष्काळ पडतो, आणि तेवढ्यात साधा जंतूसुद्धा जीव घेऊ शकतो, हे तिनंच मला समजावलं. गाठीचं डॉक्टर बघतील, तो आठवडा आपण सांभाळायचा, एवढंच आपलं काम, असं म्हणायची. पहिल्या दोन डोसांनंतरचे आठवडे तिनं बेळगावच्या खोलीत दार लावून काढले. मी जेवण बाहेर स्टुलावर ठेवून यायची.

तिसऱ्या डोसनंतर आईची आठवण येते म्हणून ती निपाणीला गेली. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला जायचं म्हणजे उंबऱ्यावरून विचारपूस करून कुणी परतत नाही. जवळ बसायचं, गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची, घरून आणलेलं दोन घास भरवायचं. मॅडमची तब्येत बघायला सगळी गल्ली लोटली. वरच्या अंगाच्या शेतकरी घरांतल्या बायकाही आल्या, त्यात ऐंशीच्या घरातल्या एक काकू होत्या. सुजाताची आई त्यांच्या शेतात भांगलायला जायची तेव्हा सोबत गेलेल्या लहान सुजातालाही त्या ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. आता त्या या घरात कॉटवर बसून चहा प्याल्या, सुजाताला त्यांनी स्वतःच्या हातानं आंबील पाजली. हे सगळं मला फोनवर सांगताना ती खुशीत होती आणि माझं डोकं फिरलं होतं. तू बाई शास्त्र शिकवतेस का जत्रा भरवतेस, आधी दार लाव, असं मी ओरडले. ती म्हणाली,

“अगं, ही माणसं आमच्या दारात येतील म्हणून आई जन्मभर वाट बघत बसली. आत्ता आल्यात, तर मी दार लावू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. ताप आला की उठून थेट दवाखाना गाठायचा, हेही तिनंच मला शिकवलेलं. पण घरात माणसं बसली होती, त्यांचा चहा व्हायचा होता. ती उठली नाही. मिलिंद तिला गाडीत घालून बेळगावला आला तोवर बीपी पार खाली गेलं होतं. पेशी वाढायचं इंजेक्शन देऊन झालं होतं, भारीतली औषधं चालू झाली, कशाचाच उपयोग झाला नाही; मला कळवायलाही मिलिंदला सवड मिळाली नाही. नंतर डॉक्टरांना मी हटकलंच, कुणी आणला हा जंतू? ते म्हणाले, बाहेरून आला असेल, नाहीतर तिच्याच आतड्यातला असेल. पेशी नसल्या की आपलेच जंतू उलटतात. नक्की कधीच कळणार नाही.

पुण्यानुमोदनाला, बौद्ध पद्धतीच्या दिवसकार्याला, निपाणीला गेले तेव्हा मनात राग गच्च भरला होता. भेटायला आलेल्यांनीच पोरीला मारलं अशी बोलवा तोवर गावात झाली होती, आणि वरच्या अंगाचं कुणी फिरकलं नव्हतं. फक्त काकू आल्या होत्या. बाहेर रस्त्यावर, तोंडाला पदर लावून उभ्या. आत येईनात. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. सुजाताची आई, मी तिला मावशी म्हणायची, ती मात्र उठून बाहेर गेली आणि तिनं त्यांचा हात धरला.

“आत या काकू. जंतू तिच्याच पोटातला हुता, डॉक्टर म्हणाल्यात.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “व्हय न्हवं गं?”

मावशी माझ्याकडं बघत होती. काकूही बघत होत्या... मी व्हय म्हटलं. मावशीनं त्यांना आत आणून सुजाताच्या कॉटवर बसवलं आणि चहा ठेवायला गेली.