मालक, एक थेंब
आमच्या नागपूरच्या दवाखान्यात रक्त तपासणारे ते गृहस्थ प्रत्येक पोराला विचारत, "मालक, एक थेंब देता काय?" पोराने मान हलवली की मगच सुई टोचत.

एकदा सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार झालेल्या मुलाची आजी सुनेला कायमची माहेरी धाडायला निघाली. "इनंच आनला रोग."

त्यांनी वाद घातला नाही. सुनेचं आणि आजीच्या मुलाचं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी आजीला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. दोन्ही काचांवर विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी होत्या.

"दोघायनं अर्धा अर्धा देल्ला, आजी."

मी वॉर्डाच्या याद्या करणारी. माझी पेन्सिल थांबली.

आजीने स्वतःचं बोट पुढे केलं. "माहं बी पाहून घे गा."

ते म्हणाले, "मालकीण, एक थेंब देता काय?"