शेळीमागचा खांब

जगाची खोली कळावी म्हणूनच देवाने माणसाला दोन डोळे दिले, असं तो फोटोवाला गंभीरपणे सांगे. निजामी संपल्यावर तो दोन भिंगांचा कॅमेरा घेऊन चारठाण्याच्या देवळात आला होता. जवळची शेळी आणि लांबचा खांब सारखेच रेखीव यावेत म्हणून त्याने भिंगांची छिद्रं बारीक केली.

"आता हलू नका, मावशी," तो शेळी धरून उभ्या असलेल्या धनगरणीला म्हणाला.

"मी न्हाई हलत. शेळीला तुमीच सांगा."

पंधरवड्याने तो एका कागदावर शेजारी शेजारी छापलेले दोन फोटो घेऊन आला, प्रत्येक डोळ्यासाठी एक. मावशीने तो कागद बसवलेल्या दोन भिंगांच्या डबीला डोळे लावले आणि शेळीचा कान धरायला हात पुढे केला. बघ्यांमधून पुढे होऊन मीही पाहिलं. त्या कागदात चालत जावं इतकी जागा होती.

"खांब मागं दिसायलाय ना?" त्याने काळजीने विचारलं.

"लय मागं हाय. तुमीच बघा की."

त्याला ते दिसणार नव्हतं. त्याचा डावा डोळा काचेचा होता.