स्वयंपाकीणबाईंसाठी गॅस

आमच्या जॉर्ज टाउनच्या शाळेत एक बाई विज्ञान शिकवायच्या. शिक्षक संघटनेच्या बैठकीत येरझाऱ्या घालतच बोलायच्या. त्यांना बघून मलाच दम लागे. एकदा महिनाभर त्यांनी शाळेतल्या मुलांच्या जेवणाच्या चुलीत जाणारी लाकडं रोज तोलली, पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर धरला आणि मग बैठकीत वही उघडली.

“सार,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या; आमच्याकडे सरांना सारच म्हणतात. “निम्मी उष्णतासुद्धा पातेल्याला लागत नाही. धूर मात्र सगळा स्वयंपाकीणबाईंच्या डोळ्यांत जातो. त्यांना गॅस द्या, ही मागणी आपल्या ठरावात घाला.”

“टीचर, त्या आपल्या सभासद नाहीत,” अध्यक्ष म्हणाले.

“मग मीही नाही.” आपलं कार्ड टेबलावर ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही, सार?”

मी चष्मा पुसत राहिलो. त्या निघून गेल्या. अध्यक्षांनी पगारवाढीचा ठराव वाचला, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.