एकोणिसावा प्रश्न

"हा फॉर्म कुणी भरलाय?" सरांनी विचारलं.

फॉर्मच्या तळाशी माझी सही होती. सही सरांनाही दिसत होती. तरीही त्यांनी विचारलं, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं.

"मीच, सर."

त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. बेळगावच्या ज्या हॉस्पिटलातून आमचा अभ्यास चालतो, तिथल्या कॅन्सर वॉर्डची ती यादी होती. दर तीन महिन्यांनी आम्ही ती आमच्या गावांच्या यादीशी ताडून बघतो. एका नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. कमल, वय सत्तेचाळीस, सदलग्याजवळचं एक गाव. गालाच्या आतला कॅन्सर, पुढे गेलेला. आणि माझ्या फॉर्मवर याच बाईंच्या नावापुढे लिहिलं होतं: तंबाखू, नाही. तोंडाची तपासणी, झाली नाही.

आमचा अभ्यास काय होता ते थोडक्यात सांगते. तंबाखू वापरणाऱ्या काहींच्या तोंडात आधी पांढरे चट्टे येतात. त्यातले काही आपोआप जातात, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि काहींचा पुढे कॅन्सर होतो. कुणाचा होतो, का होतो आणि आधीच उपचार केले तर थांबतो का, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी निपाणी, चिकोडी भागातल्या गावांतून घरोघरी जायचं, प्रश्न विचारायचे, बॅटरी आणि लाकडी पट्टी घेऊन तोंड बघायचं. चट्टा दिसला तर हॉस्पिटलात आणायचं. सर या अभ्यासाचे प्रमुख, आणि मी फील्ड कोऑर्डिनेटर. पोरींना ट्रेनिंग द्यायचं, त्यांचे फॉर्म तपासायचे आणि माणसं कमी पडली की स्वतः बॅग उचलायची.

एकोणिसावा प्रश्न होता: तंबाखू कुठल्याही रूपात वापरता का? उत्तर 'होय' आलं तर तोंडाची तपासणी. 'नाही' आलं तर शेजारी छोटा बाण होता, थेट सव्विसाव्या प्रश्नाकडे. या बाणाला आमच्याकडे स्किप म्हणतात. सगळ्यांचीच तोंडं बघायला वेळ आणि माणसं नाहीत म्हणून तो ठेवलेला. पंधरा मिनिटं वाचतात. दिवसाला आठ घरांचं टार्गेट असलं की तो बाण फार जवळचा वाटायला लागतो.

वर्ष झालं होतं, तरी ते घर माझ्या चांगलं लक्षात होतं. सोप्यावर कमलाक्कांचे सासरे आणि गावातली दोन माणसं बसली होती. उसाच्या तोडीचं बोलणं चाललं होतं. म्हाताऱ्यानं माझं गाव विचारलं, मी निपाणी सांगितलं. मग आडनाव विचारलं, तेही सांगितलं. आडनाव ऐकल्यावर पुढे काय होतं ते मला लहानपणापासून पाठ आहे. कुठे बोलणं आखडतं, कुठे पाण्याचा तांब्या येतच नाही. इथे मात्र म्हातारा उठला, आतून खुर्ची आणवली आणि हातानं पुसून मला बसायला दिली. सगळ्यांसाठी जे कप होते त्यातल्याच एका कपात चहा आला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. या वयात, दोन डिग्र्या घेतल्यावर एका कपाचं काय ते अप्रूप, असं कुणी म्हणेल. त्यानं म्हणावं.

कमलाक्का डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी खाली बसल्या. मी प्रश्न विचारत गेले. एकोणिसावा आला. त्यांनी सासऱ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाय बाई."

त्यांच्या मागे भिंतीतल्या दिवळीत मिश्रीची डबी होती. झाकण उघडंच होतं. बोलताना हिरड्यांवरची काळी रेघही दिसली. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. बायका ती बोटानं दाताला लावतात. कुणी सकाळी एकदा लावतं, कुणी दिवसातून पाच वेळा. मला ती ओळखायला ट्रेनिंग लागत नाही. माझी आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि तिची मिश्री भाजायचं काम माझ्याकडे होतं. ठसका लागून डोळ्यांत पाणी यायचं, तरी तवा उतरवायचा नाही.

अशा वेळी काय करायचं, हे मी दर बॅचला शिकवत होते. संशय आला तर पुन्हा विचारा. घरात मोठी माणसं असतील तर बाईला आत घेऊन जा, स्वयंपाकघरात विचारा. मिश्रीचं नाव घेऊन विचारा. पोरी वहीत लिहून घ्यायच्या.

त्या दिवशी मी यातलं काहीही केलं नाही. ज्यांनी मला खुर्ची पुसून दिली त्या म्हाताऱ्यासमोर त्यांच्या सुनेला खोटं पाडायचं, तिला 'आ' करायला लावून गालात पट्टी घालायची, हे माझ्या जिवावर आलं. आतही नेता आलं असतं. पण पाहुणी म्हणून बसवलेल्या बाईनं उठून थेट चुलीपर्यंत जायचं, तेवढं माझं धाडस झालं नाही. मी 'नाही'वर खूण केली. बाण होताच.

हे सगळं सरांना एका दमात सांगितलं नाही. सर फॉर्म चाळत म्हणाले, "तिनं 'नाही' सांगितलं, तू 'नाही' लिहिलंस. प्रोटोकॉलप्रमाणे आपली चूक नाही. फाइलला तसा शेरा लावू."

प्रोटोकॉल म्हणजे अभ्यास कसा करायचा याचं ठरलेलं पुस्तक. त्यात 'डबी दिसली तर' असं कलम नव्हतं. शेरा लागला असता आणि ऑडिटवाल्यांनी मान डोलावली असती.

"सर, मी मिश्रीची डबी बघितली होती."

"म्हणजे?"

"माहीत असून 'नाही' लिहिलं."

सरांनी फॉर्म खाली ठेवला. मग म्हणाले, हे लेखी दिलंस तर तुझ्या हातचा प्रत्येक फॉर्म उघडावा लागेल. पैसे देणारी संस्था विचारेल, ऑडिट पुन्हा होईल, तुझं नाव रिपोर्टात जाईल. "एका फॉर्मसाठी एवढं?"

"एकच आहे का, हे मलाच माहीत नाही सर."

ते खरं होतं. चांगुलपणानं वागवणारी घरं मला आणखीही भेटली होती.

"लिही मग," सर म्हणाले. "चार ओळीत लिही. रडगाणं नको."

मी चार ओळी लिहिल्या. नंतर वॉर्डात गेले. जायचं नव्हतं, पाय ओढतच नेले. कमलाक्कांचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. ओळख सांगायची वेळच आली नाही.

"आमच्या घरी आलतासा तुमी," त्या म्हणाल्या. "फॉर्म घिऊन."

मी विचारलं, तेव्हा काही त्रास होता का?

"दुखत न्हवतं. पर तिखट कोरड्यास खाल्लं की लई झोंबायचं आत."

"मग सांगितलं का नाही, आक्का?"

"मामंजीच्या म्होरं काय सांगू? मिश्री लावल्याली त्यास्नी चालत न्हाय." थोडं थांबून, गाल हातानं धरून त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात बॅटरी हुती. मला वाटलं, आत न्हिऊन बघशीला. कप ठिवायचं निमित्त करून चुलीम्होरं जाऊन हुबी ऱ्हायलते. लई येळ वाट बघितली. भाईर आले तर तुमी निघालतासा."

मी इतके दिवस समजत होते की मी त्या बाईची लाज राखली. त्या चुलीजवळ माझी वाट बघत उभ्या होत्या आणि मी बाहेर म्हाताऱ्याला नमस्कार करत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुमचं काय त्यात. मीबी न्हायच म्हटलं की वो." आणि त्यांनी माझाच हात थोपटला. त्याचा मला राग आला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर सोसलं असतं.

मी भरलेल्या सगळ्या फॉर्मांची घरं पुन्हा केली गेली. मला त्यातून वगळलं होतं, ते योग्यच झालं. शिल्पा नावाची आमची पोरगी गेली. तिनं पहिल्या दिवसापासून सरळ स्वयंपाकघर गाठलं. बऱ्याच 'नाही'चे 'होय' झाले. दोघींच्या तोंडात चट्टे निघाले. दोघींवर उपचार झाले आणि त्या आज ठीक आहेत. कुणी मला म्हणतं, बघ, तू लिहून दिलंस म्हणून वाचल्या. मी त्यांना सांगते, वेळेवर तोंड बघितलं असतं तर तिघी वाचल्या असत्या.

कमलाक्कांचा अर्धा जबडा काढला. पुढे मानेत गाठ आली. उसाचा पुढचा हंगाम त्यांनी बघितला नाही. मी माती द्यायला गेले, तेव्हा सासऱ्यांनी मला ओळखलं नाही, आणि मी ओळख दिली नाही.

नव्या फॉर्मवर तो बाण नाही. मिश्रीचा प्रश्न वेगळा आहे, आणि उत्तर काहीही आलं तरी तोंड बघायचंच. ट्रेनिंगमध्ये मी आता एक वाक्य जास्त सांगते: जिथे तुम्हाला चांगलं वागवतील तिथे तुम्ही कमी प्रश्न विचाराल, म्हणून तिथे जास्त विचारा. पोरी लिहून घेतात. लिहून घेणं सोपं असतं, हे मला माहीत आहे.

कमलाक्कांच्या फॉर्ममधली दुरुस्ती माझ्याच हातानं करायची होती. आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. चुकीच्या उत्तरावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी बरोबर उत्तर, सही आणि तारीख. मी एकोणिसाव्या प्रश्नाच्या 'नाही'वर रेघ मारली, 'होय' लिहिलं, सही केली. मग खालच्या चौकटीकडे आले. तोंडाची तपासणी झाली का? पुढे माझ्याच अक्षरात 'नाही' होतं. पेन हातात धरून मी तशीच बसले. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. ते उत्तर बरोबर होतं.